कंट्रोलची काच

कंट्रोलच्या काचेवर निळ्याचा मागमूस नव्हता. ताईने भिंग बदललं, काच सरकवली, पुन्हा डोळा लावला. सगळं गुलाबी.

कंट्रोल म्हणजे कुणा जुन्या पेशंटच्या आतड्याचा तुकडा. त्यात श्लेष्मा, तो बुळबुळीत चिकट स्राव, ठासून भरलेला आहे हे आधीच ठाऊक असतं. नव्या पेशंटच्या काचेबरोबर यालाही त्याच रंगात बुडवायचं. हा निळा झाला तर रंग चांगला. नाहीतर सगळी मेहनत पाण्यात. म्हणून आधी कंट्रोल बघायचा, मग पेशंट. लॅबमध्ये येणाऱ्या प्रत्येक नवशिक्याच्या डोक्यात ताईने हे ठोकून ठोकून बसवलं होतं.

आणि काल संध्याकाळी तिने स्वतःच आधी पेशंट बघितला. कारण तो तिचा धाकटा भाऊ होता. त्याच्या जठराच्या तुकड्यात डॉक्टरांना काही सुट्या पेशी खटकल्या होत्या. त्या पेशींच्या पोटात श्लेष्मा असेल तर त्या निळ्या होणार, आणि तसं झालं तर तो कॅन्सर. काचेवर कुठेच निळं नव्हतं. ताईने उभ्या उभ्या घरी फोन लावला. "काही नाही रे तुला. उगाच जिवाला घोर!" पलीकडे भाऊ हसला, भावजय रडली. त्या आनंदात कंट्रोल ट्रेमध्ये तसाच राहिला.

तिने रंगाची बाटली उजेडात धरली. तळाशी गाळ बसला होता. काल घाईत हीच बाटली उचलली होती. घरच्या माणसाचं सॅम्पल दुसऱ्याच्या हाती सोपवायचं असा इथला नियम. तोही तिने गुपचूप मोडला होता. का, तर दुसऱ्याच्या हातून काही चूक व्हायला नको!

तिने नवा रंग कालवला, गाळून घेतला. भावाचा तुकडा ज्यात बसवला होता त्या मेणाच्या ब्लॉकमधून नवा काप काढला, काचेवर चढवला, मेण उतरवलं आणि दोन्ही काचा रंगात सोडल्या. या वेळी क्रम चुकवला नाही. आधी कंट्रोल. निळा झाला होता, हवा तसा. मग दुसरी काच मायक्रोस्कोपखाली ठेवायला तिचा हात उठेना. लाज वाटत होती आणि त्याहून जास्त भीती.

"झाली का ती जठराची?" डॉक्टर आत आले. "आणा इकडे."

काचेवर नाव नसतं, नंबर असतो. डॉक्टर खुर्ची ओढून बसले, काच इकडून तिकडे फिरवली आणि खूश झाले. "अरे वा! काय रंग धरलाय! या, बघा तरी."

ताई वाकली. जिथे बघावं तिथे त्या पेशी, निळ्याने टम्म फुगलेल्या. इतका स्वच्छ रंग तिच्या हातून कधी उतरला नव्हता.

"ऑपरेशन झालं की याचा मोठा तुकडा येईलच," डॉक्टर उठता उठता म्हणाले. "त्यातला एक ब्लॉक बाजूला काढून ठेवा. आपला कंट्रोल संपत आलाय ना? असं टिश्यू मिळायला नशीब लागतं."

"हो सर," ताई म्हणाली. "ठेवते."

ते गेले आणि तिचा फोन वाजला. भावजय होती.

"ताई, कामात आहात का? राहवेना म्हणून केला. कालपासून यांची भूक परत आलीय बघा. कधी नव्हे ते पोटभर जेवले आणि वर आणखी मागतायत. एकदम जास्त होईल का हो? देऊ ना?"

ताईने बोटावरचा निळा डाग अंगठ्याने घासून बघितला. तो निघाला नाही.

"दे," ती म्हणाली. "मागेल ते दे."