उद्या परत चालू होते

“तात्या, तुमचं लगीन का नाही झालं?”

सिंधूनं एकदाचं विचारलं. वर्गातल्या पोरींनी पैज लावली होती, विचारून दाखव म्हणून. दहावीत गेल्यापासून ती कुणालाही काहीही विचारायची. पण तात्या, म्हणजे तिचे चुलत आजोबा लिंबाजी, लातूरच्या दवाखान्यात नवा गुडघा घेऊन कण्हत पडले होते. कालपासून ते कण्हणं ऐकून सिंधू पार थकली होती. काहीतरी बोलायचं म्हणून तोंडात तेच आलं.

कमरेतली भूल कधीच उतरली होती. भुलीच्या मॅडम दोनदा येऊन गेल्या. मांडीत सुई देते, नस बंद होईल, दुखणार नाही, उद्या परत चालू होते, असं त्यांनी समजावलं. दोन्ही वेळा तात्यांनी चादर घट्ट धरली आणि न्हाई म्हणाले. आज गुडघा वाकवला नाही तर तो तसाच आखडेल, असं सांगून मॅडमही कंटाळून गेल्या. आई डबा आणायला गेलेली. पप्पा टँकरच्या रांगेत. पेशंटचं पाणी घरूनच आणा, असं दारावर लिहिलं होतं.



“माझी नस बंद केली व्हती,” तात्या पंख्याकडं बघत म्हणाले. “तवा लातूर जिल्हाबी झाला नव्हता. साहेब म्हणले, उद्या परत चालू व्हती.”

सिंधूला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तिचे कान तापले.

बाकीचं तात्यांनी थांबत थांबत सांगितलं. एक शिपाई होता. नसबंदीला माणूस आण, नाहीतर तूच टेबलावर चढ, नाहीतर नोकरी सोड, असं त्याला साहेबानं बजावलेलं. माणूस मिळेना. त्याच्या लग्नाला महिनाच झालेला. तात्या वीस वर्षांचे, बिनलग्नाचे. साहेब परत चालू होते म्हणाल्यावर ते त्याच्या जागी गेले. पुढं स्थळं आली ती त्यांनीच परतवली. कुणाच्या लेकीला फसवायचं कशाला. शिपायाचं नाव मात्र सांगेनात.

सिंधू तडक मॅडमकडं गेली आणि सगळं सांगितलं. मॅडम आल्या, खुर्ची ओढून बसल्या, आणि नस हा शब्दच त्यांनी काढला नाही.

“काका, पाय सुन्न करते. नुसता पाय.”

तात्यांनी सिंधूकडं बघितलं.

“मी हितंच हाय,” ती म्हणाली. “नाही चालू झाला तर मॅडमला घरी जाऊ देत नाही.”

तात्यांनी चादर सोडली. दुपारी गुडघा वाकला. मग कालपासून पहिल्यांदा त्यांचा डोळा लागत आला, आणि लागता लागता त्यांनी ते नाव सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पायात मुंग्या आल्या. मग गुडघा ठणकायला लागला.

“झाली चालू,” तात्या म्हणाले. दुखत होतं तरी ते पायाकडं बघून हसत होते.

पप्पा पाण्याची कॅन आणि आई डबा घेऊन आत आले. सुट्टी झाली की तात्यांना गावाकडं त्यांच्या खोलीवर कुणी पोचवायचं, तिथं कुणी बघायचं, यावर दोघं दमल्या आवाजात बोलत होते.

“तात्या आपल्या घरी राहणार, माझ्या खोलीत. मी ठरवलंय,” सिंधू म्हणाली. “पप्पा, आजोबांच्या जागी ते टेबलावर चढले. त्याच्या दुसऱ्या वर्षी तुम्ही झालात.”