म्हसोबाचं कवच

वेशीवरच्या म्हसोबाला शेंदूर चोपडताना जुन्या शेंदराचं जाड कवच सुटून गिरजा गुरविणीच्या ओंजळीतच आलं. आत काळा, बसका, गोल दगड होता. मधोमध भोक, कडेला खुंट्याची खोबण. ही तर जात्याची वरची तळी!

गिरजा चक्रावली. इतकी वर्षं आपण नवस बोललो ते कुणाला? आणि आता गावाला सांगायचं काय?

सातवीतली लेक मात्र कवचाचा तुटका काठ निरखत होती. "आई, थर बघ शेंदराचे! नदीचा गाळपण असाच थरावर थर बसून दगड होतो, बाईंनी शिकवलंय."

"अगं, पण हे जातं आहे!"

"आधी जातं तरी कुठं होतं? जमिनीतून उकळता रस वर आला, थंड होऊन कातळ झाला. कुणीतरी त्याचं जातं घडवलं, झिजल्यावर देव मांडला. पुढं याची माती होईल, मातीचा परत दगड."

"मग यातलं खरं कुठलं?"

"ते नाही शिकवलं."

गिरजानं नैवेद्याच्या परडीतली मूठभर ज्वारी उचलली आणि दळायला बसल्यासारखी त्या भोकात सोडली.

आजवर नैवेद्य देवापुढं तसाच राहायचा. आज पहिल्यांदा तो आत गेला.