डाव्या पायातलं जोडवं

अनिसा सिस्टरने साबण लावून पाहिला, दोरा गुंडाळून पाहिला. दीपमालाच्या डाव्या पायातलं जोडवं काही हलेना. पाय जन्मापासून आत वळलेला. सगळा भार बाहेरच्या कडेवर घेऊन चालता चालता बोटं एकमेकांवर चढली होती आणि त्यांच्यात ते चांदीचं जोडवं लग्नापासून रुतून बसलं होतं.

"कापावं लागंल, ताई," अनिसा म्हणाली. "ऑपरेशननंतर पाय सुजतो. मग हेच बोटाला खाऊन टाकंल."

"कापा," दीपमाला म्हणाली.

"थांबा!" खाटेच्या पायथ्याशी उभा असलेला तिचा नवरा सुदर्शन एकदम पुढे आला. शेंद्र्याच्या कंपनीत भट्टीसमोर बिनधास्त उभा राहणारा गडी, पण आता त्याच्या कपाळाला घाम फुटला होता. "मी जित्ता हाय अजून. नवरा आसताना जोडवं कापत्यात व्हय कुठं? चल घरी, बिडकीनला. पुढच्या महिन्यात बघू."

"पुढच्या महिन्यात ते आपोआप निघनार हाय का?" दीपमालाने विचारलं.

दीपमालाच्या अंगाचा तिळपापड झाला. डॉक्टरांनी सकाळीच समजावलं होतं. बारीक छिद्रांतून स्क्रू घालून हाडं सरळ जोडायची, घोटा कायमचा जखडायचा. तो पुन्हा कधी वाकणार नाही, पण तळवा जमिनीला टेकेल. तिला तेवढंच हवं होतं. आजवर घेतलेल्या प्रत्येक जोडातली डावी चप्पल घरात कोरीच पडून राहायची आणि त्या पायाला ती फडकं गुंडाळायची. या वेळी नव्या चपलांचा जोड तिने पिशवीत घालूनच आणला होता.

सुदर्शनने आईकडे पाहिलं. "आई, तू तरी सांग हिला."

गोजरबाई खिडकीपाशी बसल्या होत्या. त्यांनी लुगड्याचा काठ जरा वर घेतला आणि आपले दोन्ही पाय पुढे केले. बोटं मोकळी होती. जोडव्यांच्या जागी अजून फिकट वळ दिसत होते.

"माही तर कधीच निघाली नव्हती," त्या म्हणाल्या. "तरी गेलाच ना तुहा बाप."

सुदर्शनची मान खाली गेली. दीपमालाने पाय उचलून अनिसाच्या मांडीवर ठेवला.

कटरचा कट्ट आवाज झाला. अनिसाने जोडवं हलकेच फाकवून बाहेर काढलं. दीपमालाने ते नवऱ्याच्या तळहातावर ठेवलं आणि त्याची मूठ मिटवली.

"पाय टेकला की नवं घालीन," ती म्हणाली. "तवर लईच भेव वाटत आसंल, तर तुम्ही घाला."