मंगळवारची अबेना

"अजून एक कविता म्हणून दाखव ना, बाळ," फोनमधून मॅडमचा आवाज आला.

पोरीनं वाचून दाखवलं, पाढे म्हटले, गाणं म्हटलं, तरी मॅडमचं समाधान होईना. शाळेत घ्यायचं नसलं की माणसं अशीच लांबण लावतात, असं डॉर्कसला वाटू लागलं.

फोन शिलाई मशीनला टेकवून उभा केला होता. समोर स्टुलावर अबेना बसली होती, कडक इस्त्रीच्या निळ्या गणवेशात. डॉर्कसनं स्वतः शिवलेला.

"घरात बसून शिकणार आणि गणवेश?" घरमालकीण सेरवा मावशी सकाळीच म्हणाली होती. विचारणं हा तिचा जन्मसिद्ध हक्क होता. "दाखवणार कुणाला? माझ्या कोंबड्यांना?"

"शाळा म्हणजे शाळा, मावशी," डॉर्कस एवढंच म्हणाली.

मॅडमचा चेहरा दिसत नव्हता. राजधानीत, अक्रामध्ये, आज वीज नाही, इथं अंधार आहे, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. "पण तुम्ही दोघी मला छान दिसताय," असंही म्हणाल्या होत्या. वीज नसण्यात नवल कसलं? डॉर्कसच्या टेचिमान गावातही गेलेली वीज कालच परत आली होती.

नवऱ्याच्या मारापायी पोरीला उचलून पळून आले, तो कधीही शोधत येईल, असं डॉर्कसनं चाळीत सगळ्यांना सांगितलं होतं. म्हणून अबेना फाटकाबाहेर खेळायला जात नसे आणि गावातल्या शाळेतही नसे. शाळेत फोटो काढतात, पालकांना बोलावतात, तुम्ही मूळच्या कुठल्या म्हणून खोदून खोदून विचारतात. डॉर्कसला ते नकोच होतं.

पण पोरगी हुशार निघाली, तिथं इलाज नव्हता. टपरीवरून वाक्ये, म्हणजे चवळीभात, बांधून आलेला कागदसुद्धा ती चाटूनपुसून वाची. गेल्या महिन्यात तिनं विचारलं, "आई, मी कध्धीच शाळेत जाणार नाही का गं?" डॉर्कस रात्रभर रडली. ती या पोरीवर जीव ओवाळून टाकत होती, यात तिळमात्र खोटं नव्हतं.

आणि मग रेडिओवर या खाजगी ऑनलाइन शाळेची जाहिरात लागली. 'जी मुलं घराबाहेर पडू शकत नाहीत, त्यांच्यासाठी. आम्ही कारण विचारत नाही.' डॉर्कसला वाटलं, देवानंच आपल्यासाठी शाळा काढली.

"अगं ए अकुआ, तुझी कोको निवतेय!" सेरवा मावशी कोकोचा, म्हणजे मक्याच्या पेजेचा, वाडगा घेऊन सरळ आतच आली.

"अकुआ नाही, अबेना!" डॉर्कस कडाडली. "बुधवारची नाही ती, मंगळवारची आहे. चुकीच्या वाराची हाक मारू नका हो मावशी, जीव रुसतो, पोर तापानं फणफणते."

"बरं बाई, चुकलं या म्हातारीचं." मावशीनं कान पकडले. तिलाही ते पटत होतं. बाकीची नावं माणूस कपड्यांसारखी बदलतो, पण जन्मवाराचं नाव जिवाला चिकटलेलं असतं. त्याला कोण हात लावणार?

वाडगा ठेवून मावशी गेली.

"तिचे केस इतके बारीक का कापलेत?" मॅडमनी विचारलं.

"सरकारी शाळेतल्या मुलींचे असतात तसे, मॅडम."

"आता वाढू द्या. तिला वेण्या छान दिसतील." मॅडम म्हणाल्या. "हस बघू, बाळ. अगंबाई, पुढच्या दातांत फट! भाग्याची असते हं. कुणाकडून आली?"

"माझ्या आईची," डॉर्कस घाईनं म्हणाली. मग तिला राहवेना. "मॅडम, घ्याल ना हो तिला? नापास नका करू. वाटेल तेवढा अभ्यास करून घेईन मी."

"घेतलंय तिला. तुम्ही गेल्या आठवड्यात फोटो पाठवला, तेव्हाच घेतलं. पुस्तकांची गाडीही निघाली आहे. मक्याचे केंके-उंडे विकणाऱ्या टपरीमागचं निळं फाटक, बरोबर ना? पोचेल इतक्यात. तोवर फोन तेवढा बंद करू नका."

डॉर्कसनं अबेनाला उचलून गरगर फिरवलं. पोरगी खिदळत होती आणि हिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. इतक्या वर्षांत एवढी खुशीत ती कधी नव्हती.

बाहेर हॉर्न वाजला. फाटक करकरलं.

"डॉर्कस! पुस्तकं आली गं तुझी!" मावशी अंगणातून ओरडली. "पण बरोबर पोलीस कशाला?"

डॉर्कसचा हात फोनकडे झेपावला.

"असू दे तो चालू," मॅडम म्हणाल्या. आवाज अगदी शांत होता. "तुम्ही तिची जी जन्मतारीख सांगितलीत, त्या तारखेला रविवार होता. रविवारची पोर अबेना कशी होईल? तारीख बदललीत, आडनाव बदललंत, वाराच्या नावाला हात लावायची मात्र छाती झाली नाही. ती होणार नाही, हे मला ठाऊक होतं. लपवलेल्या मुलालाही कधीतरी शाळा लागतेच, म्हणून तर मी शाळा काढली."

तिकडे कुणीतरी दिवा लावला. काळा पडदा उजळला.

डॉर्कसच्या कडेवरून अबेना पुढे वाकली आणि फोनला नाक लावून बघू लागली.

"आई, या मॅडम रडतायत," ती म्हणाली. "आणि त्यांचं तोंड बघ ना, अगदी माझ्यासारखं आहे."