वहीतलं शेवटचं नाव

दाराबाहेर चपला होत्या. म्हणजे शिंपी घरात होता.

वहीवाल्यांनी कठडा धरून दम खाल्ला. तिसरा मजला, एकोणचाळीस पायऱ्या. हल्ली त्या मोजूनच चढाव्या लागत. बेल वाजवली तसं आतलं शिवणयंत्र चालता चालता गप्प झालं.

पुन्हा बेल.

"हे घरी नाहीत," आतून शिंप्याची बायको म्हणाली.

"मग मशीन कोण चालवतंय, वहिनी?"

आत कुजबुज झाली.

"मीच. शिकतेय."

"छान. शिका, शिका. मी बसतो इथेच पायरीवर."

ते बसले. वही काढून नाकाला टेकेल इतकी जवळ धरली. कव्हरावर बंद पडलेल्या कुठल्याशा छापखान्याचं नाव होतं, निम्मं पुसलेलं.

*शिंपी.*
*४ तारीख : गावाला गेलाय. (गॅलरीत त्याचा शर्ट. ओला.)*
*११ तारीख : ताप आहे, भेटता येणार नाही. (हसण्याचा आवाज आला.)*
*१८ तारीख : कुलूप. (आत रेडिओ.)*
*आज :*

आजची ओळ कोरी.

वहीत तेवीस नावं होती. बावीस नावांवर काट, काटेपुढे तारीख आणि सही. चौदा वर्षं लागली होती त्याला. त्यांचं खरं नाव आता गल्लीत कुणी घेत नसे. 'वहीवाले आले' एवढं कानावर पडलं की औषधवाला मागच्या दाराने सटकायचा, आणि दूधवाल्या बाई भरदुपारी पांघरूण ओढून घ्यायच्या. पण एकेकाला गाठलंच त्यांनी. एकाला तर न्हाव्याच्या खुर्चीत, अर्धी दाढी झालेली असताना. पळणार कुठे?

फोन वाजला. मुलीचा.

"बाबा, कुठे आहात?"

"कामावर."

"रात्रपाळी सातला सुटते. अकरा वाजलेत. पुन्हा ती वही ना?"

"शेवटचं नाव आहे गं."

"डॉक्टर काय म्हणाले, आठवतंय? या आठवड्यात ऑपरेशन झालं नाही तर उरलेला डोळाही जाईल. जाईल म्हणजे जाईल, बाबा."

"आधी वही पुरी होऊ दे."

ती म्हणाली, "पाकीट नीट ठेवलंय ना? दवाखान्यात ते आधी भरावं लागतं. मागच्या बाजूला सगळं लिहून दिलंय. वाचलंत?"

"वाचलं."

त्यांनी छातीचा खिसा चाचपला. पाकीट होतं. कुठल्या बाजूला काय लिहिलंय ते बोटांना कळत नव्हतं.

दार साखळीपुरतं उघडलं.

"भाऊ, हात जोडते," शिंप्याची बायको म्हणाली. "आमचा पिच्छा सोडा."

"सोडतो. आजच सोडतो. एक सही झाली की."

"तुम्ही येऊन गेलात की घास उतरत नाही यांच्या घशाखाली. परवा म्हणाले, घरच बदलू."

"बदला. नवा पत्ता शोधून काढीन."

"मायादया म्हणून काही आहे की नाही?"

"हा व्यवहार आहे, वहिनी. त्यात माया आणली की दोघांची मान खाली जाते."

"येऊ दे त्यांना," आतून शिंपी म्हणाला.

गळ्यात टेप, दंडावर टाचण्या टोचलेल्या, नजर जमिनीवर. मशीनवर कुणाची तरी अर्धी शिवलेली पँट लोंबत होती. त्याने स्टूल पुढे सरकवलं. वहीवाले बसले नाहीत. रात्रभर उभं राहून पाय सुजले होते, पण बसले असते तर चहा आला असता, आणि चहा आला की सही लांबते हे त्यांना बावीस घरांनी शिकवलं होतं.

"चौदा वर्षं झाली," शिंपी म्हणाला. "ठरवलं तर माणूस विसरू शकतो."

"विसरता आलं असतं तर झोप लागली असती मला."

"एवढ्याशा रकमेसाठी?"

"आज एवढीशी वाटते. तेव्हा नव्हती."

"आणि नाही केली सही तर?"

"उद्या येईन. परवा येईन. दिसतंय तोवर येत राहीन."

शिंप्याने पहिल्यांदाच वर पाहिलं. समोरचा एक डोळा दुधासारखा पांढरा झालेला. दुसरा त्याच्याकडे नाही, त्याच्या कानाच्या जरा पलीकडे पाहत होता.

त्याने वही ओढली आणि सही केली.

वहीवाल्यांनी पेन उघडून काट मारली. काट नावावर बसली नाही, खालच्या कोऱ्या ओळीवरून गेली.

मग वहीवाल्यांनी छातीच्या खिशातलं पाकीट काढून शिंप्याच्या हातात ठेवलं. "माझा छापखाना बुडत होता तेव्हा दिले होतेत. मोजून घ्या," ते म्हणाले. "आता कुणाचं देणं नाही माझ्यावर." आणि ते पायऱ्या मोजत खाली निघाले. शिंप्याने पाकीट उलटलं. मागे जाड पेनाने, ठळक, मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : *डोळ्यांचा दवाखाना. शुक्रवार, सकाळी आठ. बाबा, पाया पडते, हे तरी कुणाला देऊन येऊ नका.*