फाटक्या फोटोतली गिटार

तिसऱ्या दिवशीही तो माणूस आला आणि पुन्हा खुर्च्या मोजू लागला.

व्हर्नेल गॅडिस कढईतला मासा उलटता उलटता त्याच्यावर नजर ठेवून होती. अठ्ठावीस खुर्च्या. रोज तितक्याच भरत होत्या, तरी गड्याचं समाधान होत नव्हतं.

"काका, हा सरकारी आहे," ती पुटपुटली.

"सरकारी माणूस खाताना असा खुलत नाही," गिटारीची तार पिळत रॉस्को काका म्हणाला. "हा विद्यापीठातला. त्यांना घरी कुणी जेवायला घालत नाही."

माणसाचं नाव अ‍ॅल्विन पेटवे, राहणार शिकागो. पहिल्याच दिवशी, या गावात नव्या माणसाला विचारतात ते व्हर्नेलने विचारलं होतं, "तुम्ही कुणापैकी?"

"तेच बघायला आलोय, मिस व्हर्नेल," तो म्हणाला होता, आणि मग घाईने, "म्हणजे जुनी घरं, खाणं, गाणं... सगळेच येतात ना त्यासाठी."

तिला हे उत्तर आवडलं नव्हतं. आपली माणसं लपवणारे तिने पुष्कळ पाहिले होते. ती ठाऊकच नसलेला माणूस मात्र तिने पाहिला नव्हता.

भिण्याचं कारण तिच्या खाणावळीच्या भिंतीवर टांगलेलं होतं. आठ वर्षांपूर्वी ती बंद व्हायची वेळ आली होती. मिसिसिपी नदीवरून येणाऱ्या बोटींतले प्रवासी उतरायचे, वरच्या अंगाचे गोऱ्यांचे वाडे बघायचे आणि परत जायचे. तेव्हा नदीपलीकडच्या भंगाराच्या दुकानात व्हर्नेलला एक फाटका फोटो मिळाला. फळ्यांच्या घरासमोर बसलेला एक काळा माणूस. डोळे मिटलेले. उजवा हात लांब करून फाटलेल्या बाजूला गेलेला.

रॉस्को काकाने फोटो बराच वेळ न्याहाळला आणि निकाल दिला, "आंधळा आहे. आणि हात गिटारवर आहे."

अशा रीतीने आंधळा एमॉस टर्नबो जन्माला आला. एमॉस बायबलातून घेतला, टर्नबो पेंडीच्या पोत्यावरून. दर शनिवारी तो म्हणे व्हर्नेलच्या आजीकडे मासा खायला यायचा आणि ब्लूज गायचा. त्याची पाच गाणी काकाने रचली. चर्चमागे त्याचा दगडही उभा राहिला; दगडाखाली कुणी नव्हतं. बोटीवरचे लोक आता वाड्यांआधी इथे येत. पुढच्या महिन्यात राज्यातर्फे दारासमोर एमॉसच्या नावाचा लोखंडी फलक लागायचा होता. खोटं उघडं पडलं तर फलक जाणार, आणि पाठोपाठ खाणावळही.

"कबरीपर्यंत चाकाची खुर्ची जाते का?" पेटवेने विचारलं.

"जाते. का?"

"आणि सावली?"

"मेलेल्याला कशाला हवी सावली?" काका म्हणाला.

पेटवे हसला नाही. तो फोटोपाशी गेला आणि फाटलेल्या कडेवर बोटं ठेवून वरून खाली माप घेतलं.

"दुसरा तुकडा मिळाला नाही?"

"नाही," व्हर्नेल म्हणाली.

"काय असेल त्यात?"

"गिटार. खाली लिहिलंय की," काका म्हणाला.

"तुम्ही पाहिली होती?"

"ऐकली होती."

पेटवेने ते वहीत टिपलं. निघताना दारात थांबून म्हणाला, "शनिवारी दुपारी माणसं घेऊन येतोय. त्रेसष्ट."

तो गेल्यावर काकाने गिटार भिंतीला टेकवली. मग म्हणाला, "एका मेलेल्याची चौकशी करायला त्रेसष्ट जण? पोरी, आपण फारच मोठा माणूस बनवून ठेवला."

"मी सांगून टाकते, काका."

"सांग. मग कढई उलटी घाल आणि माझ्यासारखी ओट्यावर बसून राहा."

शुक्रवारी ती फोटो काढून लपवायला स्टुलावर चढली. पण आठ वर्षं ज्याच्या जिवावर जेवलो त्याला कपाटात कोंबणं तिला जमेना. उतरली, आणि चर्चमधून पस्तीस खुर्च्या मागवल्या. पकडलंच जायचं तर पाहुण्यांना उभं तरी ठेवायचं नाही, असं तिच्या आजीचं वळण होतं.

शनिवारी दुपारी बस आली. कोटातली, फायलीवाली माणसं उतरतील अशी व्हर्नेलची अपेक्षा होती. उतरले ते पिवळ्या सदऱ्यांतले त्रेसष्ट जण: पोरंसोरं, जावई, गरोदर बायका, सगळ्यांचे सदरे एकसारखे. उन्हाळ्यात एका रक्ताची माणसं मेळाव्याला जमतात तेव्हा घालतात तसे. प्रत्येक छातीवर एकच छापील फोटो होता. एका कडेने फाटलेला. बसलेली बाई, तिच्या मांडीवर तान्हं मूल, आणि बाईच्या खांद्यावर कुणाच्या तरी हाताची चार बोटं.

काकाने तिसरं गाणं नुकतंच धरलं होतं. ते तिथेच अडकलं.

पेटवेने चाकाची खुर्ची ढकलत भिंतीपाशी आणली. खुर्चीत एक्याण्णव वर्षांची म्हातारी होती. तिने आधी मिटलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. मग फोटोखालची चिठ्ठी वाचली: 'उजवा हात गिटारवर.' हात वर करून तिने फाटलेल्या कडेच्या पलीकडे, उघड्या भिंतीवर बोट ठेवलं.

"गिटार नव्हती," म्हातारी म्हणाली. "इथे, आईच्या मांडीवर, मी होते."