जुनी पट्टी

नवीकोरी जर्सी टेबलावर पसरलेली होती, पण संघाचं शिवणकाम बघणाऱ्या कुमुदकाकूंचा हात काही सुईकडे जाईना. जर्सी निहारची होती. चार वर्षं त्यांनी त्याला कॉलेजच्या आइस हॉकीत खेळताना पाहिलं होतं. तिथे तोंडावर जाळी असते आणि मारामारी केली की सरळ बाहेर. म्हणून तर त्या हौसेने जायच्या. आता ऐन प्लेऑफमध्ये काकूंच्या या व्यावसायिक संघाने त्याला उचललं होतं.

इथे मारामारी चालते, म्हणून जर्सीला आतून, पाठीकडे पट्टी लागते. ती पँटला बांधली, की मारामारीत समोरच्याला जर्सी डोक्यावरून ओढता येत नाही.

नव्या पट्ट्या संपल्या होत्या. काकूंनी खणातली जुनी काढली. गेल्या प्लेऑफमध्ये ठोसा खाऊन बर्फावर पडलेला एक खेळाडू परत उठलाच नव्हता. ही त्याच्या जर्सीची. चांगली पट्टी टाकवेना, म्हणून त्यांनी धुऊन ठेवली होती. शेवटी तीच त्यांनी निहारच्या जर्सीला शिवली.

निहारने जर्सी चढवली, पट्टी बांधली आणि निघाला. दोन पावलांवर थबकला.

"काकू, मागून ओढू नका ना!" तो हसत म्हणाला.

काकू त्याच्यासाठी दार उघडून समोर उभ्या होत्या.